एकोणीस वलयं

वाटेच्या मधोमध काठी रोवलेली होती आणि तिच्या टोकाला नारळाच्या कोवळ्या पातीची गाठ मारलेली होती, म्हणजे पुढे जायला बंदी. झाडं पाडायला मजुरीवर आणलेल्या वॉल्टनने खांद्यावरची चेनसॉ उतरवली आणि तिथेच फतकल मारून बसला.

"ऊठ ना," मी म्हणाले. "पाती आहे नुसती."

"मग तू जा पुढं. मला तीन पोरं आहेत."

"पातीनं पोरांना काय होणार?"

"पोरांना काही होत नाही. पोरांच्या बापाला डुक्कर द्यावं लागतं."

पातीच्या पलीकडे, चढावर, बाबांचा साग होता. तीनशे बारा झाडं. गेल्या महिन्यात मी प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला होता आणि तोडायच्या पंचेचाळीस झाडांवर आकडे टाकले होते. एका कंटेनरला तेवढी पुरतात. मंगळवारी गिझोहून पडाव येणार होता. तो ओंडके नोरो बंदरात नेतो, तिथून माल भारतात जातो. आमच्या बाजूला पडाव वर्षातून दोनदाच येतो. आज बुधवार होता.

"या, सुवाबाई!"

सावलीतून हेन्स्ली आला. माझा आतेभाऊ. तोंडात सुपारी, ओठ लालभडक, हातात कोयता. मी परदेशी, सुवाच्या विद्यापीठात शिकून आल्यापासून त्याने मला नावाने हाक मारलेली नाही.

"ही काठी तू रोवलीस?"

"मी कशाला रोवू? जमिनीनं रोवली. जमीन माझ्या आईची, तिच्या आईची. तुझी आई कुठली गं? समोरच्या बेटावरची ना? मग तिकडं जाऊन मोज की झाडं."

"झाडं बाबांनी लावली."

"मामानं लावली, मामा आमचा. मामाचं भाच्याला. हे तुझ्या विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं?"

वॉल्टन हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने चेनसॉची साखळी तपासायला घेतली.

हेन्स्लीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते. बाबा त्या कुळाचे, पण आम्ही भावंडं आईच्या कुळाची. बाबा असेपर्यंत आम्ही इथे राहतो, ते गेले की आमचं इथे काही नाही. अपवाद एकच. कुळातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारून आणि तिला डुकराचं जेवण देऊन पुरुषाने झाडं लावली, तर ती झाडं त्याची, आणि तो ती मुलांना देऊ शकतो. एकदा त्याच्या नावाने माल गेला की त्या झाडांवर पुन्हा कुणी बोट ठेवत नाही. त्याआधीच लावणारा मेला, तर मात्र जो तो बोट ठेवतो.

बाबांच्या पायांना जानेवारीपासून सूज होती. गिझोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन हृदयाचं नाव घेतलं होतं. पुढचा पडाव नोव्हेंबरात येणार होता. नोव्हेंबरात बाबा असतील असं डॉक्टर म्हणाला नव्हता.

*

गुरुवारी खोबऱ्याच्या शेडमध्ये बैठक बसली. चीफ सोगा मध्ये, दोन म्हातारे त्यांच्या दोन बाजूंना. केझिया आत्या हेन्स्लीच्या पुढे मांडी घालून बसली होती. बाबांना आम्ही खुर्चीवर बसवून आणलं होतं. आई दाराबाहेर उभी राहिली. ती या कुळाची नसल्यामुळे तिला आत जागा नव्हती.

"झेबुलोन," चीफ बाबांना म्हणाले, "कुणाला विचारून लावलास साग?"

"आईला," बाबा म्हणाले. "सत्तावीस वर्षं झाली."

"केझिया?"

आत्याने बाबांकडे पाहिलंही नाही. "आईला जाऊन चोवीस वर्षं झाली. साग तिच्यामागं लागला. तेव्हा कुळात मोठी मी होते. मला कुणी विचारलं नाही. डुक्कर मी पाहिलं नाही."

सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबांनी मान खाली घातली. आमच्याकडे भाऊ चारचौघांत बहिणीचा शब्द खोडत नाही. बहीण म्हणाली समुद्र गोड आहे, तर भावाने फार तर गप्प बसावं. आत्याला हे ठाऊक होतं. बाबा एक शब्द बोलणार नाहीत, याच हिशेबाने ती बोलली होती.

"त्या जेवणाला कोण होतं?" चीफनी विचारलं.

"होते ते मेले," दाराबाहेरून आई म्हणाली.

"तुला कुणी विचारलं गं?" आत्या म्हणाली.

डावीकडचा म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, "डुकराची जेवणं मी खूप जेवलोय बाबांनो. सत्तावीस वर्षांपूर्वीचं कुठलं पोटात राहतंय?"

शेड हसली. मी उभी राहिले.

"झाडालाच विचारू या," मी म्हणाले. "झाड दर वर्षी एक वलय घालतं. माझ्याकडे गिरमिट आहे. आतून पोकळ असतं. ते फिरवलं की पेन्सिलीएवढी काडी निघते, सालीपासून गाभ्यापर्यंत. झाड मरत नाही. काडीवर वलयं मोजायची. चोवीसपेक्षा जास्त निघाली तर साग आजीच्या हयातीतला. माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो. झाड खोटं बोलत नाही."

शेवटच्या वाक्यावर आत्याची मान झटक्यात वर आली. आत्याला सगळ्यांसमोर खोटं म्हणण्याची सोय भावाला नव्हती, भाचीला तर नव्हतीच. पण चीफना कल्पना आवडली. हेन्स्लीलाही आवडली, हे बघून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "झाड काय म्हणेल ते मान्य. तुला मान्य?"

"मान्य."

सगळे चढ चढून गेले. काठी चीफनी स्वतः बाजूला केली. मी तीन झाडं निवडली, एक कडेचं, एक मधलं, एक वरच्या टोकाचं. गिरमिट फिरवताना माझे तळहात सोलून निघाले. काड्या पाण्याने ओल्या केल्या, ब्लेडने तासल्या आणि भिंगाखाली धरल्या.

पहिली मोजली. पुन्हा मोजली. मग उरलेल्या दोन.

"बोला, सुवाबाई," हेन्स्ली म्हणाला. "झाड काय म्हणतंय?"

बावीस, बावीस, एकवीस.

मी आकडे सांगितले. खोटं सांगता आलं असतं, भिंग माझ्याच हातात होतं. पण तसं काही सुचायच्या आत तोंडातून आकडे गेले होते.

"बावीस!" हेन्स्ली टाळी वाजवून ओरडला. "आजीला जाऊन चोवीस, आणि झाड म्हणतंय बावीस! आजी कबरीतून उठून आली होती काय गं परवानगी द्यायला?"

"थांबा," मी म्हणाले. "आपल्याकडे पाऊस बारा महिने पडतो. साग वाढ थांबवतो ती कोरड्या दिवसांत, तेव्हाच वलयाची रेघ उमटते. ज्या वर्षी कोरडे दिवस आलेच नाहीत, त्या वर्षी रेघ उमटत नाही. म्हणजे वलयं कमी भरू शकतात. खरं वय जास्त..."

पुढचं हशात बुडालं.

"सकाळी झाड खोटं बोलत नव्हतं," आत्या म्हणाली, "दुपारी बोलायला लागलं. भावानं या लेकीला शिकवायला किती डुकरं विकली असतील?"

बाबा खाली शेडमध्येच खुर्चीवर राहिले होते. त्यांना ऐकू गेलं नाही, एवढंच बरं झालं.

चीफ म्हणाले, "रविवारी निकाल देतो. तोवर कुणी काही तोडायचं नाही."

*

"तुला कुणी सांगितलं होतं झाडाला विचारायला?" रात्रीच्या रताळ्याचं पान आईने माझ्यापुढे आदळलं. "म्हातारे अर्धं अर्धं करून मोकळे झाले असते. अर्धं मिळालं असतं. आता काय मिळणार? बावीस?"

बाबांनी आपल्या पानातला मासा माझ्या पानात टाकला. ते मला जास्त लागलं.

मी विचार करत होते तो वेगळ्याच गोष्टीचा. वलयं कमी भरतात हे मला माहीत होतं, पण किती कमी, हे सांगायला वय पक्कं माहीत असलेलं एखादं झाड हवं होतं. याच बेटावरचं, याच पावसातलं, शक्यतो त्याच वर्षांतलं.

आणि तसं झाड होतं. आजीच्या कबरीवर. ती गेल्यावर नवव्या दिवशी आत्यानेच लावलेला साग. त्याचं वय साऱ्या गावाला पाठ होतं. वर्षंसुद्धा मोजायची गरज नव्हती. कबरीवरच्या सागात बागेतल्या सागापेक्षा कमी वलयं निघाली, की बाग आजी जाण्याआधीची. लहान मुलालाही कळेल असा पुरावा.

शुक्रवारी मी आत्याच्या दारात गेले. ती कसाव्याचे कंद किसत होती. तिने मला बस म्हटलं नाही.

"आत्या, आजीच्या झाडाची एक काडी काढू दे. पाच मिलिमीटरचं भोक पडतं. मी मेणाने बुजवते."

तिचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. भोकाचं मापही पुन्हा सांगितलं.

"त्या झाडाची मुळं कुठं गेलीत, माहीत आहे तुला?"

"हो."

"कुठं?"

मी किसलेल्या कसाव्याकडे पाहिलं.

"माझ्या आईत गेलीत," आत्या म्हणाली. "ते झाड म्हणजे आई आहे. तिच्या छातीत गिरमिट घालणार तू? पुन्हा हे तोंडातून काढलंस तर तुझ्या बापाला याच दारात आणून तुझं बोलणं ऐकवीन. चालती हो."

मागून हेन्स्लीची बायको म्हणाली, "शिकून शिकून डोकं पोकळ झालंय हिचं, त्या गिरमिटासारखं."

*

शनिवार आमचा शब्बाथ, म्हणजे कसलंही काम न करण्याचा पवित्र दिवस. सकाळी नऊला सगळं गाव चर्चमध्ये असतं. स्वयंपाकसुद्धा आदल्या दिवशीचा. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. आई जाताना माझ्याकडे रोखून बघून गेली.

कबर चर्चच्या मागच्या अंगाला, पन्नास पावलांवर. भजनं स्पष्ट ऐकू येत होती. मी सागाला हात लावला. झाड सुंदर होतं, सरळसोट, पहिली फांदी सात मीटरवर. मी गिरमिट टेकवलं आणि भजनाच्या आवाजात फिरवत गेले.

मला अपराधी वाटत नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. जिवंत झाडाचा गाभा हे मेलेलं लाकूड असतं, त्यात जाणीव नसते. भोक बोरूएवढं. आजी मला आवडायची, म्हणजे जेवढी ऐकून माहीत होती तेवढी. ती असती तर तिला गंमत वाटली असती, असंही मी मनाशी म्हणाले.

काडी निघाली. एकोणीस.

बागेत बावीस, इथे एकोणीस. तीन वर्षांचा फरक. बाबा सत्तावीस म्हणत होते, आजीला जाऊन चोवीस झाली होती. तीनच. बाबांची आठवण आणि लाकूड अगदी बरोबर जुळत होतं.

पण एका काडीवर निष्कर्ष काढायचा नाही, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि आणखी एक भोक पाडलं.

पुन्हा एकोणीस.

दोन्ही भोकं मेणाने बुजवली, वर साल दाबली. आतमध्ये पाळक आशीर्वाद देत होता.

*

रविवारी शेड गच्च भरली होती. चीफनी घसा साफ केला, तेवढ्यात मी उठले आणि पाच काड्या त्यांच्यासमोरच्या केळीच्या पानावर ओळीने ठेवल्या. तीन एकीकडे, दोन दुसरीकडे. भिंग त्यांच्या हातात दिलं.

"या तीन बागेतल्या. बावीस, बावीस, एकवीस. या दोन आजीच्या झाडाच्या. एकोणीस, एकोणीस. तुम्हीच मोजा. आजीचं झाड लावलं तेव्हा बाग तीन वर्षांची होती. म्हणजे आजी होती. म्हणजे बाबांनी तिलाच विचारलं असणार."

चीफ वाकले. ओठ हलवत मोजू लागले. शेडमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. मला वाटलं, सगळे माझ्या पुराव्याने थक्क झालेत.

"एकोणीस," चीफ म्हणाले. भिंग उजवीकडच्या म्हाताऱ्याला दिलं. त्यानेही मोजलं. "हो. एकोणीस."

"बाग आधीची," चीफ म्हणाले. "परवानगी तिच्या हयातीतली. जेवण झालं की नाही हे आता कुणी सांगू शकत नाही, पण ती असताना तीन वर्षं झाडं उभी होती आणि तिनं उपटली नाहीत. झेबुलोनचा साग झेबुलोनचा."

मी बाबांकडे वळले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते निकाल ऐकतच नव्हते. त्यांची नजर त्या दोन काड्यांवर खिळली होती.

"डेलसी," ते म्हणाले. "कधी काढल्यास?"

"काल."

"शब्बाथला?"

आत्या उठली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"दोन," ती म्हणाली. "एकदा नाही, दोनदा. मी नाही म्हटल्यावर."

"दुसरी खात्री करायला..." मी म्हणाले.

"खात्री!" हेन्स्ली ओरडला आणि उठला. दोघांनी त्याला धरलं. "सोडा मला! हिची खात्री मी करतो!"

"बस," आत्या म्हणाली, आणि तो बसला. मग ती चीफकडे वळली. "साग माझ्या भावाचा, तुम्ही म्हणालात. मी ऐकलं. आता माझ्या आईचं ऐका. तिला भोसकलं. तिची भरपाई कोण देणार?"

चीफनी डोळे मिटले. आमच्याकडे कबरीला लागलेल्या जखमेची किंमत पंच ठरवत नाहीत. जिची ती आई, ती सांगते. डुक्कर सांगितलं तर डुक्कर, शिंपल्याचं कंकण सांगितलं तर कंकण. हे नाकारणारा माणूस गावात राहू शकत नाही, आणि त्याला पुरायला खड्डा कुणी खणत नाही. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. फक्त पाच मिलिमीटरच्या भोकालाही हे लागू होईल, असा विचार मी केला नव्हता.

"काय मागतेस, केझिया?" चीफनी विचारलं.

"साग."

"किती झाडं?"

"किती भोकं पाडायची हे हिनं मोजलं होतं का? सगळी."

"चीफ, हा अन्याय आहे," मी म्हणाले. "हिला आधीपासून हेच हवं होतं! ही खोटं बोलली, ते सिद्ध झालं..."

"डेलसी, गप्प बस," बाबा म्हणाले.

ते खुर्चीचा हात धरून उठले. पायांवर त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि मग नजर तिच्या पायांकडे उतरवली, जशी उतरवायची असते तशी.

"दिला," ते म्हणाले.

दाराबाहेर आईने हातातली टोपली जमिनीवर आपटली.

जाताना आत्याने त्या दोन काड्या कमरेच्या कापडाच्या टोकात गुंडाळून घेतल्या. बागेच्या तीन काड्या पानावर तशाच पडून होत्या. त्या कुणालाच नको होत्या.

*

संध्याकाळी आई कपड्यांच्या पिशव्या भरत होती. आम्हाला समोरच्या बेटावर न्यायला ये, असा तिच्या भावाला तिने निरोप धाडला होता.

"किती निघाली होती?" तिने न बघता विचारलं.

"बावीस आणि एकोणीस."

"म्हणजे आपण खरे होतो."

"हो."

"वा. आता ते खरं चुलीवर चढव. बापाला वाढ, भावंडांना वाढ. उरलं तर तू खा."

"आई, मी खोटं सांगायला हवं होतं का? पहिल्या दिवशी सव्वीस म्हणाले असते तर..."

"मला काय विचारतेस? मी शाळा शिकलेली नाही." तिने पिशवीची गाठ आवळली. "माझ्या नवऱ्यानं आज मान खाली घालून बाग दिली. तुझ्यापायी. त्याला बोलता येत होतं ते तेवढंच. आता त्याच्यासमोर जाऊन बरोबर काय नि चूक काय काढू नकोस."

बाबा आतल्या चटईवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारात थोडा वेळ उभी राहिले. ते जागे होते. श्वासावरून कळत होतं. त्यांनी कूस बदलली नाही.

*

मंगळवारी पडाव आला. दोन दिवसांत हेन्स्लीने चार चेनसॉ लावून एकोणचाळीस झाडं पाडली होती, माझ्याच आकड्यांवरून. ओंडके किनाऱ्यावर रचलेले होते. बागायतदारांच्या संघाची मोजणीदार मी. माझ्या सहीशिवाय गिझोचा माणूस माल चढवत नाही. नोकरी सोडावी असं आदल्या दिवशी मनात आलं होतं. पण आता घरात रोख येण्याची वाट ती एकच उरली होती.

ओंडक्यांची जाडी मोजायला हेन्स्लीने फितीचं दुसरं टोक धरलं. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

"बारीक टोक," मी म्हणाले. "साल सोडून."

"एकोणतीस सेंटीमीटर."

"अठ्ठावीस लिहायचं."

"डोळे फुटले का? एकोणतीस आहे, बघ."

"विषम आकडा आला की खालच्या सम आकड्यावर धरतात. व्यापाऱ्याचा नियम आहे. सगळ्यांना तोच."

"सगळ्यांना?" त्याने फीत सोडून दिली. ती सळसळत माझ्या हातात गुंडाळली गेली. "तुझ्या बापाचा माल असता तर?"

"तरी अठ्ठावीसच."

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"खरंच लिहिलं असतंस," तो म्हणाला. "म्हणून तर तुझा बाप भिकेला लागला." मग तो वाळूत लाल थुंकला.

गिझोचा माणूस पडावावरून ओरडला, पुरवठादाराचं नाव काय टाकू? मी हेन्स्लीचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर न अक्षर, आणि पुढचा ओंडका लोळवायला सांगितला.